पहिला धडा सूर्यनमस्कारांचा नव्हे

डोंबिवलीच्या एका वाचक भगिनीच्या पत्राचा सारांश :

“माझे वय 51 आहे. मी एका सहकारी बँकेच्या फोर्ट भागातील शाखेत नोकरी करते. सकाळी 7.40 ला घर सोडते आणि संध्याकाळी साडेसातच्या सुमारास परत येते. वर्षभरापासून रक्तदाबाची एक गोळी चालू आहे. जूनमध्ये योग दिनाच्या निमित्ताने आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सूर्यनमस्कारांचा उपक्रम सुरू झाला. मी उत्साहाने गेले आणि तिसऱ्याच दिवशी सर्वांबरोबर 24 नमस्कार घातले. दुसऱ्या दिवशी कंबर अशी धरली, की पंधरा दिवस लोकलमध्ये चढणे-उतरणे कठीण झाले. मणक्यात दोष नाही, स्नायू दुखावले आहेत, असे डॉक्टरांनी तपासून सांगितले. आता दुखणे थांबले आहे. पण मला दहा मिनिटेही मांडी घालून बसवत नाही, गुडघे कुरकुरतात, आणि खाली वाकले तर हात जेमतेम नडगीपर्यंत पोहोचतात. अशा ताठर शरीराला या वयात योगासने जमतील का? वर्गाला जावे, की मुलगी म्हणते तसे मोबाइलवर पाहून करावे? पहाटे वेळ नसतो, मग संध्याकाळी चालेल का? सासूबाई टीव्हीवर पाहून रोज कपालभाती करतात आणि तेवढेच पुरे, असा त्यांचा आग्रह आहे.”

ताई,

तुमच्या कंबरेने जे सोसले, त्याचा दोष मी तुमच्या वयाला देणार नाही आणि ताठरपणालाही देणार नाही. सूर्यनमस्कार हा नवशिक्याचा पहिला धडा आहे, अशी जी समजूत आपल्याकडे शाळेच्या मैदानापासून रुजलेली आहे, तिचा हा दोष आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील शाळांमध्ये नमस्कार सुरू केले, तेव्हा समोर वाढत्या वयाची, दिवसभर धावणारी मुले होती; दिवसाचे आठ तास खुर्चीत आणि तीन तास लोकलमध्ये काढणारी पन्नाशीची बाई नव्हती. नमस्कार हा उत्तम व्यायाम आहे, यात शंका नाही. पण त्यात बारा स्थिती एकामागून एक येतात, त्यामुळे एखादी स्थिती चुकते आहे हे ध्यानात येईपर्यंत आपण पुढच्या स्थितीत गेलेले असतो.

आता तुमच्या 24 नमस्कारांचा हिशेब मांडून पाहा. एका नमस्कारात पूर्ण पुढे वाकणे दोनदा येते, एकदा जाताना आणि एकदा परतताना. म्हणजे त्या सकाळी तुम्ही 48 वेळा कंबरेतून वाकलात, आणि प्रत्येक वेळी सर्वांच्या तालात, घाईने वाकलात. मांडीच्या मागच्या बाजूचे लांब स्नायू वर आपण ज्या हाडांवर बसतो त्यांना जोडलेले असतात आणि खाली गुडघ्याच्या पलीकडे जातात. वर्षानुवर्षे खुर्चीत बसून हे स्नायू आखडले, की पुढे वाकताना ते ओटीपोटाच्या हाडांचा कटोरा मागून धरून ठेवतात आणि त्याला पुढे झुकू देत नाहीत. माणूस तरीही हात जमिनीला लावण्याचा हट्ट करतो, तेव्हा जे वाकणे खुब्यातून व्हायला हवे ते कमरेच्या मणक्यांमधून होते, आणि तिथले लहान स्नायू आपल्या ताकदीपेक्षा अधिक काम करून दुखावतात. जमिनीला हात टेकणे हे नवशिक्याचे उद्दिष्ट असताच कामा नये, असे माझे ठाम मत आहे. नडगीपर्यंत हात पोहोचणारी पण पाठ सरळ ठेवून वाकणारी व्यक्ती योग्य रीतीने आसन करीत असते.

ताठर शरीराविषयी सांगायचे, तर पुण्यात राहून आसनांचा अभ्यास जगभर नेणारे बी. के. एस. अय्यंगार यांचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. लहानपणी हिवताप, विषमज्वर, क्षय अशा आजारांनी त्यांचे शरीर खिळखिळे झालेले होते. ते 1937 साली पुण्यात आले, आणि पुढे त्यांनी भिंत, खुर्ची, दोर, पट्टा, लाकडी ठोकळे अशा साध्या वस्तूंच्या आधाराने आसने शिकवण्याची जी पद्धत विकसित केली, तिचा सगळा रोख आसन शरीरापर्यंत आणण्यावर होता. आधार घेणे म्हणजे कमीपणा, ही कल्पना त्यामुळे आधी मनातून काढून टाका. पतंजलींनीही आसनाच्या व्याख्येत स्थिर आणि सुखकर एवढ्या दोनच अटी घातल्या आहेत, आणि लवचीकपणाचा त्यात उल्लेखही नाही.

तेव्हा पुढे वाकणे तुम्ही स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी शिका. ओटा कोरडा पुसून घ्या, शेगडी बंद आहे याची खात्री करा, आणि दोन्ही तळहात खांद्यांइतक्या अंतरावर ओट्याच्या कडेवर ठेवा. मग एकेक पाऊल मागे घेत जा आणि धड पुढे झुकू द्या, इतके की हात आणि पाठ मिळून एक सरळ रेषा होईल. पावले एकमेकांपासून वीतभर दूर, टाचा जमिनीवर, नजर खाली फरशीकडे. इथे गुडघे थोडे वाकवा, मुद्दाम वाकवा. गुडघे वाकले की मांडीमागचे स्नायू सैल पडतात, ओटीपोट मांड्यांकडे झुकते आणि पाठीला आलेला बाक निघून जातो. हा बदल एकदा जाणवला, की खुब्यातून वाकणे म्हणजे काय ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही. नितंब मागच्या भिंतीकडे ढकला, मान सैल सोडा, पाच-सहा श्वास शांतपणे घ्या आणि पावले पुढे आणत सावकाश सरळ व्हा. सावकाश हा शब्द तुमच्या बाबतीत विशेष महत्त्वाचा आहे, कारण रक्तदाबाच्या गोळीवर असणाऱ्यांना झटकन उभे राहिल्यास घेरी येऊ शकते. काही आठवड्यांनी पाठ सरळ ठेवूनच गुडघे थोडे थोडे ताठ करता येतील. ते झाले नाही, तरी काही बिघडत नाही.

उभ्याने करावयाच्या आसनांपासून सुरुवात करावी, असे मी सांगते त्याला आणखी एक कारण आहे. तुमचे गुडघे मांडीला तक्रार करतात, पण उभे राहणे तुम्हाला रोजचे आहे. गर्दीच्या डब्यात तासभर उभे राहणाऱ्या बाईच्या पायांत बळ नाही असे कोण म्हणेल? त्या बळाला वळण द्यायचे आहे. ताडासन भिंतीला पाठ लावून करा : टाचा भिंतीपासून दोन-तीन बोटे पुढे, नितंब आणि पाठीचा वरचा भाग भिंतीला टेकलेला, डोके किंचित मागे, हनुवटी वर उचललेली नाही. आता दोन्ही पायांवर भार सारखा आहे का ते पाहा. बहुतेकांचा नसतो, खांद्याला वर्षानुवर्षे एकाच बाजूला पर्स अडकवणाऱ्यांचा तर नसतोच. आंगठ्यामागचा उंचवटा, करंगळीमागचा उंचवटा आणि टाच या तिन्ही ठिकाणी पाऊल टेकले पाहिजे. वरवर पाहणाऱ्याला हे आसन म्हणजे नुसते उभे राहणे वाटेल, पण पुढच्या प्रत्येक उभ्या आसनाचा पाया इथे घातला जातो. त्यानंतर त्रिकोणासन, म्हणजे पाय फाकवून उभे राहून धड एका बाजूला झुकवण्याचे आसन, तेही पाठीमागे भिंत ठेवून आणि खालचा हात जमिनीऐवजी खुर्चीच्या बैठकीवर टेकवून करावे. खुर्ची लाकडी किंवा लोखंडी आणि भिंतीला लावलेली असावी. प्लॅस्टिकच्या हलक्या खुर्चीचे पाय टाइलवर सरकतात.

मग जमिनीवर या. गुळगुळीत फरशीवर चटई सरकत असेल, तर न घसरणारी साधी मॅट घ्या. तिच्यासाठी फार खर्च करण्याची गरज नाही, आणि झोपून करावयाच्या आसनांना तर घरातली जुनी गोधडी मॅटपेक्षा अधिक सोयीची असते. पाठीवर झोपून एकेक गुडघा छातीकडे घ्यावा, म्हणजे अर्धे पवनमुक्तासन होते. मग गुडघे वाकवून, पावले जमिनीवर ठेवून सेतुबंधासन करावे, आणि कंबर उचलताना ती किती वर जाते याकडे न पाहता गुडघे बाहेर फाकत नाहीत ना, याकडे पाहावे. पालथे झोपून भुजंगासन करताना तळहातांवर जोर देण्याऐवजी कोपरांवर टेकून राहावे, म्हणजे दुखावलेल्या कंबरेवर एकदम भार येत नाही. शेवटी शवासन, आणि तेही पाच मिनिटे पूर्ण. गुडघ्यांखाली उशी आणि डोक्याखाली घडी केलेली चादर घेतलीत, तर कंबर जमिनीवर आपोआप सैल पडते. वेळ कमी असला की लोक सर्वांत आधी शवासनाला कात्री लावतात. त्याऐवजी एखादे आसन वगळावे, असे मी सुचवीन.

एवढा सगळा क्रम वीस ते पंचवीस मिनिटांत होतो, आणि पहिले तीन महिने यात भर घालू नये. प्रत्येक आसनात तीन ते सहा संथ श्वास पुरेत. श्वास अडकू लागला, दात आवळले गेले, चेहरा ताणला गेला, तर आसन आपल्या मर्यादेपलीकडे गेले असे समजून थोडे मागे यावे. स्नायूच्या मधोमध जाणवणारा, आसन सोडताच निघून जाणारा ताण योग्य आहे. पण सांध्यात टोचल्यासारखी कळ, पायात खाली उतरणारी वेदना किंवा मुंग्या ही थांबण्याची खूण आहे, आणि ती पुन्हा पुन्हा आली तर डॉक्टरांकडे जावे. सूर्यनमस्काराकडे तीन महिन्यांनी परत या, सुरुवातीला ओट्यावर किंवा खुर्चीवर हात टेकवून, दोन-चार नमस्कारांनी, आणि मोजणाऱ्या माणसाच्या तालात नव्हे तर स्वतःच्या श्वासाच्या तालात.

मांडीविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण याच ठिकाणी अनेकांचे गुडघे कायमचे बिघडतात. गुडघा हा प्रामुख्याने बिजागरीसारखा उघडमीट करणारा सांधा आहे; पाय बाहेर वळवण्याचे काम मुख्यतः खुब्याच्या सांध्याचे असते. खुबा आखडलेला असताना पाऊल हाताने ओढून मांडीवर चढवले, तर ती वळण्याची सक्ती गुडघ्यावर येते. म्हणून पद्मासनाचा विचार तूर्त सोडून द्या आणि कुरकुरणाऱ्या गुडघ्यांनी वज्रासनात बसण्याचाही अट्टहास करू नका, मग जेवणानंतर वज्रासन चांगले असे कितीही जणांनी सांगितलेले असो. मांडी घालून बसावेसे वाटले, तर दोन चादरींची घट्ट घडी करून तिच्या कडेवर बसा, इतक्या उंच की गुडघे खुब्यांपेक्षा खाली येतील. पाठ स्वतःहून सरळ होते आणि पाय लवकर अवघडत नाहीत. तेही नको असेल, तर सरळ खुर्चीत बसा. श्वासाच्या अभ्यासाला पाठीचा कणा सरळ लागतो, जमीन लागत नाही.

रक्तदाबाबद्दल दोनच गोष्टी, पण त्या कटाक्षाने पाळाव्यात. शीर्षासन, सर्वांगासन अशी डोके खाली आणि पाय वर असलेली आसने, तसेच श्वास रोखून धरण्याचे कोणतेही प्रकार, तुमच्या डॉक्टरांच्या संमतीशिवाय आणि जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीशिवाय करू नका. काचबिंदू असलेल्यांनाही उलट्या आसनांची मनाई असते. तेव्हा पन्नाशीनंतर डोळ्यांचा दाब तपासलेला नसेल, तर तोही एकदा तपासून घ्यावा. आणि चार महिन्यांनी रक्तदाब उतरलेला दिसला, तरी गोळी स्वतःच्या मनाने कमी करू नका. नोंदी डॉक्टरांना दाखवा आणि निर्णय त्यांच्यावर सोडा.

वर्ग की मोबाइल, या प्रश्नावर माझे मत स्पष्ट आहे : पहिले तीन महिने वर्ग, नंतर हवा तर मोबाइल. पडद्यावरचे शिक्षक कितीही चांगले असले, तरी त्यांना तुमची पाठ दिसत नाही, आणि गच्चीवर नेमकी तीच कोणी पाहत नव्हते. शिवाय त्रिकोणासनात असताना पडद्याकडे पाहण्यासाठी मान वळवावी लागते, आणि दुखणे कंबरेकडून मानेकडे जाते. क्रम पाठ झाल्यावर आठवण म्हणून मोबाइल जरूर वापरा, तुमच्या मुलीचे तेवढे म्हणणे रास्त आहे.

आपल्या भागात शिकण्याची सोय मोठी आहे, हे आपण फार गृहीत धरतो. श्री योगेंद्र यांनी 1918 मध्ये स्थापन केलेली आणि पुढे सांताक्रूझला स्थिरावलेली योग संस्था, स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये लोणावळ्यात सुरू केलेले आणि आसने व श्वसनाचे परिणाम प्रयोगशाळेत तपासण्याचा पायंडा पाडणारे कैवल्यधाम, त्याचे मुंबईत मरीन ड्राइव्हवरचे केंद्र, तुमच्या बाजूला ठाण्याचे घंटाळी मित्र मंडळ, या सर्वांकडून शिकून बाहेर पडलेले शिक्षक गावोगावी वर्ग घेतात. तरीही नावाजलेल्या संस्थेसाठी आणखी एक लोकल पकडू नका. घरापासून चालत दहा मिनिटांवरचा, आठवड्यातून दोन-तीन दिवसांचा वर्ग तुमच्याने टिकेल. दूरचा वर्ग पहिल्या पावसातच सुटेल. शिक्षक निवडताना मी प्रमाणपत्राबरोबर आणखी काही पाहीन. प्रमाणपत्र असावे, आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाचे असेल तर चांगलेच. पण पहिल्या दिवशी तुमची दुखणी, शस्त्रक्रिया, औषधे यांची चौकशी न करता थेट आसनांना सुरुवात करणारा शिक्षक मला चालणार नाही. विद्यार्थ्याच्या पाठीवर हाताने जोर देऊन त्याला खाली दाबणारा तर अजिबात नको. पैसे भरण्यापूर्वी एक तास नुसते बसून पाहू द्या, असे विचारा. शिक्षक वर्गात फिरतो का, ज्याला जमत नाही त्याला पर्याय देतो का, हे एका तासात कळते. सवलत मिळते म्हणून वर्षभराची फी एकदम भरू नका, महिन्या-महिन्याने भरा.

वेळेचा प्रश्न तुम्ही जवळजवळ अपराधी स्वरात विचारला आहे. पहाट उत्तम, हे खरे. त्या वेळी पोट रिकामे असते आणि दाराची बेल वाजत नाही. पण सकाळी डबे भरून 7.40 ला घराबाहेर पडणाऱ्या व्यक्तीने चारला उठून, झोप मोडून आसने करावीत, असे कोणी सांगत असेल तर ते ऐकू नका. स्वात्मारामांच्या पंधराव्या शतकातील हठप्रदीपिका या हठयोगावरील ग्रंथात योगाचा नाश करणाऱ्या सहा गोष्टी सांगितल्या आहेत, आणि अतिआहार, वायफळ बडबड यांच्या जोडीने त्यांत प्रयास म्हणजे अतिश्रम आणि नियमाग्रह म्हणजे नियमांचा अट्टहास या दोन गोष्टीही आहेत. पहिली तुमच्या हातून गच्चीवर घडली. दुसरी पहाटेच्या हट्टातून घडेल. संध्याकाळी शरीर सकाळपेक्षा सैलही असते. घरी आल्यावर हातपाय धुवा, दहा मिनिटे पडून राहा आणि रात्रीच्या जेवणाआधी अभ्यास उरका. भरपेट जेवणानंतर साधारण चार तास आणि चहा-बिस्किटांसारख्या किरकोळ खाण्यानंतर तासभर जाऊ द्यावा; तेव्हा परतीच्या वाटेवर स्टेशनबाहेरचा वडापाव वर्गाच्या दिवशी टाळलेला बरा. ज्या दिवशी गाड्या कोलमडून नऊ वाजतील, त्या दिवशी ओट्यापाशी वाकणे आणि शवासन एवढेच करा. आठवड्यात चार-पाच दिवस असे घडले, तर सहा महिन्यांत तुम्हाला स्वतःला फरक सांगता येईल. वजन उतरवणे हाही हेतू मनात असेल, तर या अभ्यासातून फारशी ऊर्जा खर्च होत नाही, हे आत्ताच सांगून ठेवते. त्यासाठी चालणे वेगळे ठेवा आणि ताटाकडे पाहा.

राहिला सासूबाईंच्या कपालभातीचा प्रश्न. टीव्हीमुळे घरोघरी तिला प्राणायाम म्हणू लागले असले, तरी हठप्रदीपिकेत ती शरीरशुद्धीच्या षट्कर्मांमध्ये येते, आणि पोटाला झटके देऊन श्वास बाहेर टाकण्याची ही क्रिया उच्च रक्तदाब, हर्निया, हृदयविकार अशा अवस्थांमध्ये विचारल्याशिवाय करू नये. तेवढेच पुरे, असेही नाही. तुमच्या आखडलेल्या मांड्या आणि दुबळी झालेली कंबर तिने सुधारणार नाही. श्वासाच्या बाबतीत तर त्याच ग्रंथात सिंह, हत्ती आणि वाघ जसे हळूहळू वश होतात तसाच प्राणही, नाही तर तो साधकाचाच घात करतो, असा स्पष्ट इशारा आहे. तुम्ही पहिले दोन महिने आसनांनंतर खुर्चीत बसून पाच मिनिटे श्वास नुसता येता-जाता पाहा. पुढे शिक्षकांच्या सांगण्यावरून, श्वास न रोखता अनुलोम-विलोम सुरू करा. सासूबाईंशी यावरून वाद घालू नका. त्यांना जमत असेल आणि सोसत असेल, तर त्यांची सवय मोडण्याचे कारण नाही. मात्र त्या जेवणानंतर लगेच करीत नाहीत ना, एवढे पाहा, आणि त्यांनाही रक्तदाबाची गोळी असेल, तर तुमच्या पुढच्या तपासणीला त्यांना बरोबर घेऊन जा आणि दोघींचे प्रश्न एकदमच विचारा.